आवृत्ती ४.२ : काय बदललं

तार्तूत आज उणे अकरा.
एमायोगी काठाकाठानं गोठलीय,
मधे अजून काळं पाणी वाहतंय, हट्टानं.
खिडकीशी बसून मी यादी लिहिते :
आमच्या ‘किरी’ भाषेत या खेपेला काय बदललं.

किरी म्हणजे आमच्याकडे पत्र.
किंवा हातमोज्यावर विणलेली नक्षी.
नाव ठेवलं तेव्हा आम्ही पाच जण होतो
आणि दोन्ही अर्थांवरून भांडलो होतो.

तर.
रिकाम्या यादीतला सर्वांत लहान आकडा विचारला
तर भाषा आता शून्य म्हणणार नाही.
म्हणेल, काही नाही.
शून्य आणि काही नाही, यांतला फरक
आम्हाला कळायला सहा वर्षं लागली.

ऑक्टोबरात घड्याळं मागे घेतात त्या रात्री
तीन ते चार हा तास दोनदा येतो.
तालिनच्या एका इस्पितळात एक सलाइन
सुरू होण्याआधीच संपल्याची नोंद झाली होती.
कुणाला काही झालं नाही :
नर्सनं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं.
दुरुस्त केलं. (नर्सचं नाव कळवलं नाही कुणी.)

डोक्यावर लाट घेऊन बसलेला आमचा ओ
वर्णक्रमात आता आपल्या जागी जाईल,
म्हणजे शाळेच्या हजेरीत ओउनापूंची मुलगी
पुन्हा शेवटाकडे. तिची हरकत असू शकते.

‘अवैध’ हा शब्द काढला.
त्याऐवजी : ‘इथे एखादा कंस उघडा राहिलाय का?’
ही सूचना नार्वाच्या ताइसियाची. ती नववीला शिकवते.
मुलांना वाटायचं, यंत्र अंगावर ओरडतंय.

आणि क्रमांक अकराशे त्र्याऐंशी.
फाइल बंद करताना, क्वचित,
तिची शेवटची ओळ हरवायची.

घोडं कुठे पेंड खातंय, ते तीन आठवडे शोधलं.
काउपोचाच कोड, मी सगळ्यांना सांगत होते,
घाईचा माणूस, कधी टेस्ट लिहायचा नाही,
आणि आता व्हरूच्या बाजूला मधमाश्या पाळतोय, सुखात.
प्रत्येक ओळीचा धनी कोण ते सांगणारी एक आज्ञा असते.
तिचं नावच ‘दोष’.
दिली.
मारेत, म्हणाली. मारेत. मारेत. मारेत.
सलग चौदा ओळी माझ्या नावाच्या.

मग जुनी तक्रार सापडली. नऊ वर्षांपूर्वीची.
‘शेवटची ओळ कधीकधी जाते. नेहमी नाही.
कारण कळत नाही, पण जाते. — काउपो’
खाली माझं उत्तर, सव्वा मिनिटानंतरचं :
‘हा बग नाही. बंद.’

सव्वा मिनिट.
चहाचं पाणीसुद्धा उकळत नाही तेवढ्यात.

बदलांच्या यादीत माफी लिहायची पद्धत नाही.
तिथे क्रियापदं लागतात : जोडलं, काढलं, सुधारलं.
तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी ठेवलं ते असं :

१.७ पासून असलेली चूक सुधारली.
फाइलची शेवटची ओळ आता राहते.
प्रथम निदर्शनास आणली : काउपो राउदसेप.
तेव्हा ऐकलं नाही : मारेत किविसिल्द.

युहानला दुसरी ओळ शिष्टाचारात बसत नाही असं वाटलं.
मी म्हटलं, वेगळा शिष्टाचार ४.३ मध्ये आणू.

रात्री नऊ चाळीसला आवृत्ती सोडली.
नऊ एक्कावन्नला वालपाराइसोहून पहिली तक्रार :
जुन्या यंत्रावर चढतच नाही.
बोट ‘बंद’कडे गेलं होतं. सवयीनं.
ते उचलून मी तक्रार पहिल्यापासून वाचली, दोनदा.
बिचारीचं म्हणणं खरं आहे.

अकराच्या सुमाराला व्हरूहून दोन ओळी आल्या.
मला वाटलं होतं काहीतरी मोठं येईल,
निदान एखादा टोमणा.

‘माश्या झोपल्यात. वेळ होता, वाचलं सगळं.
ओळ दोनशे बारा पण एकदा बघ.’